द्रोणातला पाहुणचार

घरी आलेल्या माणसापुढे प्रथम पाण्याचा तांब्या ठेवावा आणि मग कुठून आलात, कसे आलात ते विचारावे, ही रीत महाराष्ट्रात आहे तशीच ती माळव्यातही आहे. माळवा तर पावलोपावली भाकरी आणि पाणी मिळणारा मुलूख म्हणून जुन्या काळापासून नावाजलेला. परंतु धार जिल्ह्यात विंध्याचा उतार उतरून कुक्षी, बाग, डहीच्या बाजूला गेले, किंवा देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात बागली-उदयनगरच्या पलीकडे रानात शिरले, की पाण्याच्या तांब्यामागून कित्येकदा आणखी एक वस्तू पुढे येते. ती असते पळसाच्या पानाचा एक द्रोण आणि त्यात नितळ, पाण्यासारखीच दिसणारी मोहाची दारू. द्रोण पुढे करणारा भिल्ल, भिलाला, बारेला किंवा कोरकू यजमान पाहुण्याच्या तोंडाकडे पाहत उभा असतो. अशा वेळी दूरच्या गावाहून आलेल्या, पांढरपेशा घरात वाढलेल्या पाहुण्याची मोठी पंचाईत होते. द्रोण घ्यावा तर सवय नाही, नियमात बसत नाही, आणि न घ्यावा तर समोरच्या माणसाचा अपमान होतो की काय अशी भीती.

मराठी माणसाला धार आणि देवास ही गावे परकी नाहीत. पवारांच्या या दोन राजधान्या. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या थोरल्या आणि धाकट्या पात्यांमुळे एका गावात दोन राज्ये नांदली. या दोन्ही गावांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आपला प्रवासी धारला येतो, भोजाचे नाव काढतो, मांडूचे महाल पाहतो, देवासच्या टेकडीवर देवीचे दर्शन घेतो आणि परत फिरतो. मांडूच्या कड्यावरून खाली निमाडाचा जो प्रदेश धुरकट दिसतो, तेथे फारसे कोणी उतरत नाही. द्रोणाची गोष्ट त्या खालच्या प्रदेशातली आहे. पण तेथे पोचण्यापूर्वी वरच्या पठारावर थोडे थांबायला हवे.

मांडूवरून आठवण होते ती टॉमस रो याची. इंग्लंडच्या राजाचा हा वकील जहांगीर बादशहाच्या दरबारी आला होता. 1616 साली अजमेरला बादशहाने त्याला आपल्या हातून मद्याचा प्याला दिला. ते इतके जहाल होते की रोसाहेबाला शिंका आल्या आणि बादशहा खदखदून हसला, असे त्यानेच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. पुढल्याच वर्षी बादशहाबरोबर तो मांडूला आला, आणि तेथे त्याच्या रोजनिशीतली तक्रार मद्याची नसून पाण्याची आहे. छावणी एवढी मोठी आणि पाणी एवढे थोडे, की या परदेशी वकिलाला पाण्यासाठी वणवण करावी लागली. सोन्याच्या पेल्यातल्या मद्याचे कौतुक एका ओळीत संपते, तहानेला मात्र पाने लागतात!

पठारावरच्या गावांत एके काळी पाहुण्यापुढे येणारे पेय वेगळेच होते. त्याचे नाव कसुंबा. अफू पाण्यात घोळायची, ते पाणी कापडातून पुन्हा पुन्हा गाळायचे, आणि मग यजमानाने ते आपल्या तळहातावर घेऊन पाहुण्यापुढे धरायचे. पाहुण्याने ते पेल्यातून प्यायचे नाही, यजमानाच्या तळहातावरूनच ओठांनी उचलायचे. राजपुतांत हे पाणी बरोबर प्यायले की जुने वैर मिटले असे धरीत. ही शपथ दुसऱ्या कोणत्याही शपथेहून घट्ट, असा अभिप्राय राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या टॉडनेही दिला आहे. विषाचा संशय घेणारा माणूस दुसऱ्याच्या तळहाताला तोंड लावीत नाही. तेव्हा त्या घोटात नशा कमी आणि विश्वास जास्त, असेच म्हणावे लागेल.

पण या तळहातावरच्या पाण्यामागे एक फार मोठा बाजार उभा होता. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू उंटांच्या आणि बैलांच्या पाठीवरून मुंबईला जाई आणि तेथून चीनला. पेशवाईनंतर शिंदे, होळकर, पवार यांच्या मुलखांतला शेतकरी अफू पिकवी, सावकार आगाऊ रक्कम देई, इंग्रज सरकार परवाना देऊन पेटीमागे कर घेई, आणि नशा चढे ती हजारो मैलांवरच्या चिनी माणसाला. 1907 साली चीनशी करार झाला आणि 1913 मध्ये ही निर्यात थांबली. आज अफूची लागवड सरकारी परवान्याने आणि प्रामुख्याने मंदसौर, नीमच, रतलामच्या बाजूला होते, आणि 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने कसुंबा हा गुन्हा ठरला आहे. तो ठरला हे योग्यच झाले. अफूने खंगलेली घरे ज्या मुलखाने पाहिली, तेथे त्या रीतीसाठी कोणी हळहळू नये. मात्र पाहुणचाराच्या एका घोटाला व्यापाराने धरले की त्याचे काय होते, हे माळव्याने एकदा पाहिले आहे. खालच्या प्रदेशातल्या मोहाची कथाही याच वळणाने गेली.

मोहाचे झाड आपल्याला अनोळखी नाही. ठाण्याच्या, नंदुरबारच्या, मेळघाटाच्या, गडचिरोलीच्या रानात ते आहेच. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फूल मांसल, फिकट पिवळसर, आतून पोकळ आणि रसाने भरलेले. हे फूल खुडायचे नसते. रात्र उतरू लागली की ते आपोआप गळू लागते आणि पहाटे झाडाखाली जणू सडा पडतो. उजाडण्याआधी बायका आणि मुले टोपल्या घेऊन रानात जातात, कारण ऊन चढल्यावर फूल मलूल होते आणि गुरे, हरणे, अस्वले यांनाही त्याची चव माहीत असते. घरी आणून ते अंगणात वाळवले म्हणजे मनुकेसारखे तांबूस आणि सुरकुतलेले होते, आणि वर्षभर टिकते. वाळल्या फुलाचे निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असते. ज्या प्रदेशात ऊस नाही आणि गूळ विकत घ्यायला पैसा नाही, तेथे झाडानेच साखर खाली टाकावी, याला काय म्हणावे!

म्हणून मोह म्हणजे दारूचे झाड, ही शहरातली समजूत फार अपुरी आहे. फुले उकडून खातात, भाजून खातात, पिठात मिसळून भाकरी करतात. पुढे फळे येतात, त्यांच्या बियांचे तेल निघते, ते खाण्याला, दिव्याला आणि अंगाला लावायला उपयोगी पडते. दुष्काळात धान्य संपले तेव्हा याच फुलांवर रानातल्या घरांनी दिवस काढले. झाडे रानातली असली तरी कोणत्या झाडाखाली कोणत्या घराने वेचायचे हे गावाला पक्के ठाऊक असते. त्या झाडावर दुसऱ्याने कुऱ्हाड चालवली तर भांडण आपल्याकडे बांध रेटण्यावरून होते त्याहून कमी होत नाही.

याच फुलांचा एक भाग मडक्यात पाणी घालून भिजत टाकतात. काही दिवसांत ते फसफसून येते. मग मडके चुलीवर चढवायचे, त्याचे तोंड मातीने आणि चिंध्यांनी लिंपून बंद करायचे, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या, थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात न्यायची. तेथे ती थेंबाथेंबाने उतरते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द मराठीत थट्टेने वापरला जातो, पण त्यामागे या चुलीजवळ बसलेल्या माणसाचे ज्ञान आहे. पहिली धार सर्वांत जहाल, पुढची हळूहळू मवाळ, आणि कोठे थांबायचे ते नाकाला कळते. हे काम पुष्कळ घरी बाईच करते.

आता त्या द्रोणाकडे परत येऊ. यजमान द्रोण भरतो, पण तो लगेच ओठाला लावीत नाही. आधी दोन-चार थेंब जमिनीवर सोडतो. ते पूर्वजांचे आणि देवांचे. घरात मूल झाले, नवे धान्य आले, लग्न ठरले, कोणी वारले, तरी ही धार प्रथम भुईवर पडते आणि मग माणसांच्या वाट्याला येते. गावच्या पंचांपुढे तंटा आला आणि निकाल लागला, तर भांडणारे दोघे शेवटी एकत्र पितात, आणि त्यानंतर ती गोष्ट पुन्हा काढायची नाही असा दंडक असतो. वर पठारावर तळहातावरच्या कसुंब्याला जो अर्थ होता, तोच येथे पानाच्या द्रोणाला आहे. एकाच जिल्ह्यात, घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली, एकमेकांना कमी लेखणाऱ्या दोन समाजांनी समेटाची एकच रीत शोधून काढावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाहुण्याने द्रोण घेतला तर प्रथम वास येतो. तो उग्र, थोडा आंबूस, भिजलेल्या मनुकांसारखा असतो आणि नवख्याला आवडेलच असे नाही. चव सुरुवातीला गोडसर, मग घशातून खाली उतरताना ऊब आणि थोडी चरचर. एका घोटाने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्या-तिसऱ्या द्रोणाने, कारण हे पेय दिसते पाण्यासारखे आणि वागते मात्र तसे नाही. द्रोण खाली ठेवता येत नाही, ठेवला तर कलंडतो, म्हणून घेतला तो संपवावाच लागतो, हेही पाहुण्याने आधीच ध्यानात घेतलेले बरे. आणि घर ओळखीचे, भट्टी डोळ्यांपुढची असेल तरच घ्यावा. रस्त्याकडेला पिशवीतून विकतात त्या दारूत नवसागर आणि काय काय असते, त्याचा मोहाशी संबंध नावापुरता.

आणि न घ्यायचा असेल तर? येथे पाहुणे नेहमी चुकतात. त्यांना वाटते की नकार दिला म्हणजे यजमान दुखावेल. वस्तुतः नकाराची सवय या समाजाला चांगली आहे. गोविंद गुरूंनी भिल्लांना दारू सोडायला सांगितले, त्यांची भगत मंडळी राजस्थान-गुजरातच्या सीमेवर मानगढच्या डोंगरावर जमली असता 17 नोव्हेंबर 1913 रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला. 1922 मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांतून देवीच्या नावाने दारू-ताडी सोडण्याची लाट उसळली, आणि तिचा धक्का गुत्तेवाल्यांना बसला. 1938 च्या सुमारास आपल्याच खानदेशात, तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांकडून दारू सोडवली. तेव्हा गावात चार घरे पिणारी असतील तर एक घर भगताचे असते, आणि त्याला कोणी आग्रह करीत नाही. पाहुणा ‘मी भगत आहे’ असे म्हणाला की प्रश्न मिटतो.

मन दुखते ते वेगळ्याच गोष्टीने. पुष्कळ पाहुणे द्रोण नाकारतात आणि त्याच हातचे पाणीही नाकारतात. पिशवीतली बाटली काढून पितात, आणि वर सांगतात की पोट नाजूक आहे. पोट नाजूक असेलही, परंतु ज्या लोकांच्या हातचे पाणी कित्येक पिढ्या वरच्या जातींनी घेतले नाही, त्यांना त्या नकाराची जुनी भाषा लगेच समजते. दारू नको म्हणता येते. तांब्या हातात घेऊन पाणी प्यायले, चार घटका खाटेवर बसले, मक्याची भाकरी खाल्ली, तर द्रोण परत गेल्याचे कोणाला काही वाटत नाही.

याच्या उलटही एक नमुना इतिहासात आहे. 1825 साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याविषयी असे लिहिलेले आढळते की तो एकटा जंगलात जाऊन भिल्लांत मिसळला, आणि शिकारीतल्या धाडसाने तसेच भरपूर ब्रँडी पाजून त्याने त्यांची मने जिंकली. पाहुणाच यजमान झाला! रानात आलेल्या बाटलीने मैत्रीही केली आणि पलटणही उभी केली. पुढे त्याच सरकारने मोहाला काय केले ते पाहिले म्हणजे या मैत्रीचा हिशेब पुरा होतो.

1878 च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू काढणे मोठ्या भट्ट्यांकडे आणि मक्तेदारांकडे गेले. घरच्या मडक्यातली स्वस्त दारू बेकायदा झाली आणि गुत्त्यातली महाग दारू कायदेशीर. तरीही रानातली चूल विझेना, तेव्हा 1892 साली मोहाचा स्वतंत्र कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच बंधन घालण्यात आले. झाडाखाली पडलेले फूल उचलणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा होता. ती त्याची दारू करणार की भाकरी, हे विचारण्याची सोय त्यात नव्हती. मध्य भारतातल्या संस्थानांतही मक्त्याचीच पद्धत होती. गुत्तेवाला उधारीवर देई आणि पिकाच्या वेळी वसूल करी. सणाला निघणारी दारू रोजची झाली ती या उधारीमुळे. स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्रात मोहफुलांवरचे निर्बंध चालूच राहिले. आदिवासींना फुले गोळा करण्याची, साठवण्याची आणि नेण्याची मोकळीक मिळायला 2021 साल उजाडले.

धार-देवासच्या बाजूला आज कायदा थोडा वेगळा आहे. मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरच्या आणि सणासमारंभाच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत, दारू काढण्याची मुभा आहे. विकण्याची नाही. म्हणजे पाहुण्याने द्रोणाचे पैसे देऊ केले तर पाहुणचाराचा अपमान तर होतोच, शिवाय यजमान कायद्याच्या कचाट्यात सापडण्याचा संभव. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये त्या सरकारने मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान देण्याचे जाहीर केले. धारला लागून असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटाने तयार केलेली ‘मोहुलो’ आणि दिंडोरीची ‘मोंड’ अशा मोहाच्या दारूच्या दोन बाटल्या बाजारात आल्या. गोव्याच्या काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच धर्तीचा हा प्रयत्न. आदिवासी बायकांच्या गटाला चार पैसे मिळाले तर आनंदच आहे. परंतु हॉटेलातल्या टेबलावरची बाटली वारसा आणि पाड्यावरच्या म्हातारीचे मडके मात्र छाप्याचा माल, असे व्हायला नको. कागदावर तसे नसले तरी रानात पोलिसाची जीप आली की कागद कोण वाचतो?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. दारूने पाड्यापाड्यांवर घरे बसली आहेत. मजुरीचा पैसा सायंकाळी दुकानात जातो, आणि त्याची झळ प्रथम बायकांना आणि मुलांना लागते. हे दुकान मोहाचे असतेच असे नाही, बहुधा ते परवान्याच्या देशी-विदेशी दारूचे असते. दिलीपसिंह भूरिया यांच्या समितीच्या शिफारशींवरून 1996 साली जो पेसा कायदा झाला, त्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूबंदी करण्याचा किंवा दारूवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला. मध्य प्रदेशात त्याचे नियम व्हायला 2022 चा नोव्हेंबर उजाडावा लागला. धार जिल्ह्यातले कुक्षी, मनावर, गंधवानी हे तालुके या क्षेत्रात मोडतात. गावात दुकान असावे की नसावे हे गावाने ठरवायचे आहे, आणि ग्रामसभेत बाया बोलल्या तर उत्तर काय येईल हे सांगायला ज्योतिषी नको. सणाची चूल ठेवून दुकान उठवावे, असे म्हणणारी गावे असतील, दोन्ही बंद करणारीही असतील. बाहेरच्यांनी त्यांना शिकवण्यासारखे त्यात थोडेच आहे.

होळीच्या आधीच्या आठवड्यात या मुलखात भगोरियाचे बाजार भरतात. ढोल, मांदळ, बासऱ्या, चांदीचे दागिने आणि गुलाल यांनी बाजार भरून जातो. अलीकडे मोटारी भरभरून शहरी मंडळी तेथे जातात. त्यांतले काही जण द्रोण आणि मुली यांखेरीज दुसरे काही पाहायला आलेले नसतात, आणि याचा स्थानिक तरुणांना आता उघड राग येऊ लागला आहे. हा राग रास्त आहे. ज्याला खरोखरच त्या लोकांत बसायचे आहे त्याने बाजाराच्या दिवशी न जाता एरव्ही जावे. हिवाळ्यात सकाळी ताडाच्या झाडावरून तुंबा उतरतो तेव्हा ताजी ताडी गोड आणि निरुपद्रवी असते. दुपार चढली की तीच आंबट आणि चढणारी होते. ताड लावल्यावर पंधरा-वीस वर्षे वाट पाहावी लागते, म्हणून झाड लावतो बाप आणि चढतो मुलगा.

अशा सकाळी तुंब्याभोवती बसले असता यजमान हटकून विचारतो, तुमच्या गावाला काय पितात? वसईकडचा किंवा गोव्याचा पाहुणा असेल तर त्याने खुशाल सांगावे की आमच्याकडेही ताडी-माडी निघते, आणि जुन्या बाया ती पिठात घालून सणाचे फुगे आणि सान्ने फुलवीत असत. ताडी पिठात घालतात हे ऐकून पाड्यावरची म्हातारी पुढे सरकते आणि किती पिठाला किती ताडी लागते, ते विचारू लागते.